नर्सबाई आणि कुरळे केस

आमच्या आरोग्य केंद्रातल्या इसायोबाईंचं अर्धं आयुष्य लोकांचे केस कापण्यात गेलं, आणि न्हाव्याला मिळतो तेवढाही मान त्यांना मिळाला नाही. त्या नर्स. जपानातलं आमचं बंदर तलवारमाशावर जगतं. या मोठ्या माशात पारा साठतो, खाणाऱ्याच्या केसात उतरतो, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो सोसत नाही. म्हणून गरोदर बाईची एक बट कापायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. काम एवढंच, पण माणसं आमच्या गावची.

त्या दिवशी केंद्राची गाडी मी चालवत होतो. तोकिएकाकूंच्या घरी पोचलो, तर त्यांची सून चिनामी दारात उभी. सातवा महिना, डोक्यावर ताजे कुरळे केस आणि घरभर केस कुरळे करायच्या औषधाचा वास.

इसायोबाई बूट काढता काढता थांबल्या. "हे काय करून ठेवलंत?"

"तुम्ही सुनेचे केस बघायला येणार," काकू म्हणाल्या, "मग काय झिंज्या दाखवू? कालच पार्लरमध्ये नेऊन आणलं."

"अहो, त्या औषधानं केसातला पारा निघून जातो. आता काय मोजू, माझं कपाळ?"

"रक्त घ्या ना," चिनामी हळूच म्हणाली.

"पोटुशीला सुई? माझ्या घरात नाही चालायचं," काकूंनी तिला गप्प केलं. "आणि मासा खाऊन कुणाचं वाईट झालंय? मी जन्मभर खातेय."

गेल्या आठवड्यात शेजारच्या गल्लीत हेच झालं होतं. नर्सबाई येणार म्हणून तिथल्या सुनेनं केस रंगवून घेतले होते. या वेळी इसायोबाईंनी सरळ काकूंच्या डोक्यावरचा फडका ओढला. खाली पांढरे, सरळ केस. स्वतःवर खर्च करणं काकूंना ठाऊकच नव्हतं.

"दोघी एकाच पातेल्यातलं जेवता ना?"

"हो. पण चांगला तुकडा तिला, उरलंसुरलं मला."

"मग मान करा इकडे."

काकू बडबडत राहिल्या, कात्री चालत राहिली.

अहवाल वाईट आला. उरलंसुरलं खाणारीच्या केसात एवढा पारा, तर चांगला तुकडा खाणारीचं काय? इसायोबाईंनी फोनवरून काकूंना चांगलंच झापलं.

दुसऱ्या दिवशी काकू केंद्रात आल्या. त्यांनी टेबलावर लाकडाची एक छोटी डबी ठेवली. आमच्याकडे प्रत्येक आई जपते तशी. आत कापसात बाळाची वाळलेली नाळ.

"हिसाओची," काकू म्हणाल्या. हिसाओ म्हणजे चिनामीचा नवरा. "चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही तो. पोटात होता तेव्हा मी रोज मासा खायचे. यातला पारा मोजता येतो?"

"येतो, काकू," उठताबसता ओरडणाऱ्या इसायोबाई हळू आवाजात म्हणाल्या. मला त्यांचाच राग आला, खोटं तरी बोलायचं होतं.



काकूंनी डबी मिटली आणि पिशवीत ठेवली. "मग राहू दे. चिनामीला ताटात काय वाढू, तेवढं सांगा."