गुंडप्पांचं राइट

तामलवाडीच्या गुंडप्पांना इंग्रजी एकच शब्द येत होता: राइट. मी त्यांच्या शेजारचा मास्तर, इंग्रजीची तीन पुस्तकं वाचलेला. पण गावात वजन होतं ते त्यांच्या एका शब्दाला.

गुंडप्पा सोलापूर-तुळजापूर मोटारीवर क्लीनर होते. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. कोळसा भरायचा, दार आपटायचं आणि "राइट!" म्हणून ओरडायचं, हे त्यांचं काम. घरीही तेच. आमटीत मीठ नीट पडलं, राइट. बैल औताला जुंपला, राइट. एकदा तर देवळात आरती संपल्यावरही राइट! शांताक्का, म्हणजे त्यांची बायको, कपाळावर हात मारून घ्यायची.

सोलापूर इंग्रजांचं, आम्ही निजामाचे. हद्दीच्या नाक्यावर सगळ्यांनी उतरायचं, गाठोडी उघडून दाखवायची आणि पुन्हा चढायचं. एकदा गुंडप्पांनी घाईत राइट म्हटलं आणि लक्ष्मम्मा नावाची म्हातारी गाठोडं बांधत खालीच राहिली. गावात आल्यावर ध्यानात आलं. भर उन्हात ते चालत मागं गेले आणि तिला घेऊन आले. तेव्हापासून शेवटचं माणूस बसलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांच्या तोंडून राइट निघत नसे. ड्रायव्हर शिव्या घाली, प्रवासी वैतागत. मीही वैतागलोय, खोटं कशाला बोलू?

शेहेचाळीस साली त्यांच्या चन्नम्माला अणदूरचं स्थळ आलं. पोर पंधराची. नवरा बिजवर, वयानं बराच मोठा, पण घर भरलेलं. शांताक्काच्या भावानं, शिवप्पानं, खटपट करून जमवलेलं. बोलणी झाली, सुपारी फोडायला हातात घेतली. शिवप्पा हसून म्हणाला, "दाजी, आता राइट म्हणा की!"

गुंडप्पांनी सवयीनं मागं वळून पाहिलं. आतल्या खोलीत चन्नम्मा भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

"थांबा," ते म्हणाले. "एक माणूस अजून खालीच हाय."

"कोण?"

"आमची चन्नम्मा."

पाहुणे उठून गेले. शिवप्पानं वर्षभर उंबरा ओलांडला नाही. शांताक्का रडून रडून म्हणायची, "पोरीला कुणी इचारतं व्हय?" दोन वर्षं झाली, तिसरं लागलं, दुसरं स्थळ फिरकलं नाही. या माणसानं खुळेपणानं पोरीचं वाटोळं केलं, असं मला वाटायचं. एके दिवशी तोंडावर बोललोही.

गुंडप्पा शांतपणे म्हणाले, "मास्तर, म्हातारीला आणाया म्या चालत गेलो. पोरगी मागं ऱ्हायली असती, तर तिला आणाया कुठं जाणार व्हतो?"

मी इंग्रजीची तीन पुस्तकं वाचलेला मास्तर. चपला पायात सरकवून घरी आलो.

निजामी गेली, त्याच्या पुढच्या वर्षी येरमाळ्याचं स्थळ आलं. मुलगा शांतलिंग, शिवणकाम करणारा, हसतमुख. रुसवा विसरून शिवप्पाही आला होता. सुपारी त्याच्याच हातात दिली आणि सगळे गुंडप्पांच्या तोंडाकडं बघू लागले. गुंडप्पांनी मागं वळून पाहिलं. त्यांची नजर आतल्या दाराकडं.

आत बांगड्या वाजल्या.

"राइट, अप्पा," चन्नम्मा म्हणाली.

गुंडप्पांनी उपरण्यात तोंड लपवलं. शिवप्पानं सुपारी फोडली.