खालची जागा

मी लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा आमच्या घरात दोन बिऱ्हाडं होती. वर मी, माझे यजमान आणि सासूबाई. खालच्या दोन खोल्यांत भाडेकरू. त्यांना आळीत सगळेच काका-काकू म्हणायचे. काका विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते, मूळचे मालवणकडचे. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हापासून ते खाली राहत होते. सासरे गेले, घर सासूबाईंच्या नावावर झालं, पण भाडेकरू तेच राहिले. गावाहून फणस आला की काकू अर्धा आमच्याकडे पाठवायच्या.

ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं असतील. सासूबाई मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी घेऊन घरात चालू लागल्या, पण आमचा जिना बाहेरून चढणारा, अरुंद आणि उभा. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, जिना आता विसरा. तेव्हापासून त्या गॅलरीत बसून राहायच्या. भाजीवाल्याशी वरूनच बोलायच्या. देवळात जाणं बंद, शेजारी जाणं बंद. एकदा मला म्हणाल्या, "माझ्याच घरात मला टांगून ठेवलंय गं."

यजमानांनी काकांपुढे विषय काढला. "काका, आपण अदलाबदल करू. तुम्ही वर या, आम्ही खाली येतो. खोल्या तेवढ्याच आहेत."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाळा, तुझ्यावर माझा भरवसा आहे. पण माझी भाड्याची पावती खालच्या जागेची. ती मी सोडली आणि उद्या कोणी म्हणालं, वर तू कोण, तर मी खंय जाऊ?"

त्यांची भीती उगाच नव्हती. रंग काढून देतो, तोवर दुसरीकडे राहा, असं सांगून बाहेर काढलेली माणसं आळीत सगळ्यांना माहीत होती. मग वरच्या जागेचं लिहून द्यावं म्हणून यजमान वकिलाकडे गेले, तर वकिलानं त्यांनाच घाबरवलं. "वरची पावती त्यांच्या नावानं फाडलीत आणि त्यांनी खालची सोडली नाही, तर? दोन्ही मजले जातील." भाडे कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे, म्हणाला. रीतसर नोटीस द्या, दावा लावा. जागा स्वतःला खरोखर लागते हे दाखवावं लागेल. तेवढ्यानंही भागत नाही. जागा मिळाली नाही तर तुमचे हाल जास्त, की काढलं तर त्यांचे, हे न्यायाधीश तोलून बघणार.

अशी नोटीस गेली. वरून हाक मारली असती तर ऐकू गेली असती, पण ती वकिलाकडून, रजिस्टर पोस्टानं खाली पोचली. त्या संध्याकाळी काकूंनी त्यांच्याकडे राहिलेली आमची एक पातेली घासून जिन्याच्या पहिल्या पायरीवर आणून ठेवली. हाक मारली नाही. पुढे संक्रांतीला मी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला खाली गेले, तर दारातूनच म्हणाल्या, "बघते." आल्या नाहीत.

तारखा पडत गेल्या. कधी त्यांचे वकील नसत, कधी आमचे. कधी दिवसभर बाकावर बसून संध्याकाळी पुढची तारीख घेऊन यायचं. काका त्याच व्हरांड्यात समोर बसलेले असत. घरी जे बोलत नव्हते ते तिथे तरी काय बोलणार? माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचे.

शेवटी सासूबाईंची साक्ष लागली. त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवायचं ठरलं होतं. एका बाजूनं यजमान, दुसऱ्या बाजूनं शेजारचे एक गृहस्थ. ऐन वेळी त्या गृहस्थांना कामावर जावं लागलं. खाली रिक्षा थांबलेली, वर आमची धांदल. तेवढ्यात काका जिना चढून आले. कोर्टात जायचं म्हणून इस्त्रीचा शर्ट घातलेला. कोणाकडे न बघता त्यांनी खुर्चीचा पाय धरला. "धर रे तिकडून. सावकाश." मग सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, खाली बघू नका."

कोर्टात काकांच्या वकिलानं उलटतपास सुरू केला. सासूबाईंना जिना उतरता येतो हे त्याला वदवून घ्यायचं होतं.

"तुम्ही वरच्या मजल्यावर राहता ना?"

"हो."

"आणि आज इथे हजर आहात. म्हणजे जिना उतरूनच आलात?"

"उतरवून आणलं मला."

"कोणी?"

सासूबाईंनी काकांकडे बोट केलं. "मुलानं आणि ह्यांनी. घाम बघा त्यांच्या शर्टाला."

वकील वळून काकांकडे बघतच राहिला. काका खाली मान घालून बसले होते. न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं आणि त्यांना पुढे बोलावलं.

"खरं आहे?"

"हो साहेब."

"ह्यांना वर राहणं जमत नाही, हे तुम्हाला पटतं?"

"रोज बघतो, साहेब. पण माझा हक्क गेला तर?"

"वरची जागा भाडेकरू म्हणून तुमच्या नावावर, त्याच भाड्यात, असं कोर्टापुढे लिहून झालं तर जाल?"

काकांनी आधी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "लिहा. मी आत्ता सही करते." आमचे वकील त्यांना थांबवायला उठले, तर म्हणाल्या, "तुम्ही बसा हो जरा."

दोन्ही वकिलांनी मिळून तडजोडीचा कागद केला आणि पुढच्या तारखेला त्यावर हुकूम झाला. इतकी वर्षं दोघांना हवं होतं ते तेवढंच. पण एकमेकांच्या शब्दावर ते घडलं नसतं, हेही मला आता कळतं.

अदलाबदलीच्या दिवशी जिन्यावर आमची कपाटं उतरत होती, त्यांची ट्रंक चढत होती. सासूबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. काकू वर जाताना त्यांच्यापाशी थांबल्या. "नळाला पाणी आलं की मला हाक मारा," एवढंच म्हणाल्या. पुढे बोलणं सुरू झालं, फणसही आला, पण आधीचा मोकळेपणा यायला फार काळ लागला, आणि पूर्ण तो कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली चहा करत होते. डोक्यावर काकूंच्या जोडव्यांचा आवाज, पाट सरकवल्याचा आवाज, मग काका काहीतरी पुटपुटले तेही कळलं. ते चष्मा शोधत होते. मी आणि यजमान एकमेकांकडे बघत राहिलो. खालच्यांना वरचं एवढं स्पष्ट ऐकू येतं, हे आम्हाला कधी माहीतच नव्हतं. ह्यांना बाहेर कसं काढायचं, साक्षीत काय सांगायचं, त्यांचे हाल आपल्यापेक्षा कमी कसे दाखवायचे, हे सगळं आम्ही आता डोक्यावर असलेल्या ह्याच लाकडी तक्तपोशीवर बसून, रोज जेवताना बोललो होतो.

सासूबाई खाटेवरून वर बघत होत्या. म्हणाल्या, "त्या दिवशी खुर्ची उचलायला आले, तेव्हाही त्यांना सगळं माहीत होतं."

यजमानांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.