गार पाण्याची परीक्षा

बातमी आली तेव्हा मी वारंगा फाट्यावर गाडीची वाट पाहत उभा होतो. भर दुपार होती. खिशातला फोन वाजला आणि पलीकडून युनूसच्या मेव्हण्याचा आवाज आला, "उत्तमभाऊ, मिस्त्री गेले... कालव्यात." अशा वेळी माणूस 'कसे गेले' विचारतो, 'कधी' विचारतो. मी विचारलं, "पाणी किती होतं?" तो म्हणाला, "छातीएवढं. तेच तर कुणाला कळून न्हाई राहिलं, भाऊ. एवढा पोहणारा गडी..." मला कळलं होतं. छातीएवढ्या पाण्यात युनूस मिस्त्री का बुडाला, हे सांगू शकणारा माणूस कुरुंद्यात दुसरा कुणी नव्हता, आणि मला ते सात वर्षांपासून ठाऊक होतं. आज दोन महिने झाले. त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलो, पण पेन दर वेळी पाण्याशीच येऊन थांबतंय.

युनूस आणि मी कुरुंद्याच्या शाळेत एका तरटावर बसायचो. तो मशिदीमागच्या गल्लीतला, मी बौद्धवाड्यातला. अभ्यासात दोघंही यथातथाच, पण पाण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गावामागच्या विहिरीत तो काठावरून सूर मारायचा आणि तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचा. मूठ उघडून दाखवल्याशिवाय त्याचं समाधान व्हायचं नाही. पुढे तो बापासारखा गवंडी झाला आणि मी आरोग्य खात्यात कर्मचारी म्हणून लागलो. माझं दोन खोल्यांचं घर त्यानंच बांधलं. उंच परांचीच्या एकाच फळीवरून तो घमेलं घेऊन असा चालायचा, की माझी आई पदर तोंडाला लावून घरात निघून जायची. भिंत थोडी वर आली की मला हाक मारायचा, दोरीला टांगलेला पितळी ओळंबा भिंतीला लावायचा आणि म्हणायचा, "एक डोळा मीट अन् बघ. तुज्या नोकरीसारखी तिरपी न्हाई ना?"

नव्वदच्या दशकात, आमचा जिल्हा अजून परभणीच होता तेव्हा, त्याला टीबी झाला. पहिल्या खेपेला त्यानं दोन महिन्यांत गोळ्या सोडल्या. बरं वाटलं म्हणून कामाला निघून गेला आणि वर्षभरानं अंगावर नुसती हाडं घेऊन परत आला. या वेळी गोळ्यांबरोबर रोज एक सुई होती, दोन महिने, आणि सुई द्यायची जबाबदारी माझी. एक सांगतो, माझ्या हातचा रोगी मधेच औषध सोडत नसे, याचा मला भारी तोरा होता. रोग्याच्या शेतात जाऊन, लग्नाच्या मांडवात गाठून मी सुया दिल्या आहेत. युनूसला तर मी बजावलंच होतं, "एक सुई चुकवलीस तर मशिदीच्या दारात येऊन देईन." तो रोज सकाळी कामाला जाण्याआधी माझ्या ओट्यावर यायचा, बाही वर करायचा, मी कार्डावर खूण करायचो.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात एका सकाळी तो ओट्याच्या खांबाला धरून उभा राहिला. "उत्तम्या, जमीन हलून राहिली रे. मान वळवली की समदं घर मागून येतंय."

"अशक्तपणा आहे," मी म्हणालो. "अंडी खा. बाही वर कर."

त्यानं बाही वर केली.

इथं मला थांबावं लागतं... कारण प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, चक्कर आली किंवा कानात आवाज येऊ लागला तर सुई थांबवा, रोग्याला डॉक्टरांकडे पाठवा. मला ते आठवत नव्हतं असं नाही. मला वाटलं, हा पळपुटा पुन्हा पळायला निमित्त शोधतोय. त्याच आठवड्यात वैद्यकीय अधिकारी रोगी तपासायला आरोग्य केंद्रावर आले. त्यांनी युनूसचं कार्ड पाहिलं आणि त्यालाच विचारलं, "काही तक्रार?" तो तोंड उघडणार, एवढ्यात मी बोललो, "काही नाही साहेब, एकदम व्यवस्थित." युनूसनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मित्राची इज्जत राखायची म्हणून हलवली असेल. राहिलेल्या सगळ्या सुया मी दिल्या. टीबी पार बरा झाला. कार्ड पूर्ण झाल्याबद्दल माझं कौतुकही झालं.

जमीन मात्र हलायची थांबली नाही. तोंड धुताना त्यानं डोळे मिटले की तो पुढे कोसळायचा, म्हणून एक हात नळाला धरून दुसऱ्या हातानं तोंड धुवायचा. नमाजात कपाळ टेकून सजद्यातून उठताना शेजारच्याच्या अंगावर जायचा. पुढे तो मागच्या रांगेत भिंतीला टेकून, खुर्चीवर बसून नमाज पढू लागला. चालताना एसटीवरची पाटी त्याच्या डोळ्यांपुढे नाचायची. गाव वाचायचं तर उभं राहावं लागायचं, तोवर गाडी निघून जायची. ज्यानं जन्मात बाटलीला हात लावला नव्हता, त्याची चाल बघून पारावरची माणसं डोळे मिचकावायची. परांची तर सुटलीच. वरचं काम पोरांना देऊन तो खाली बसून फरशी बसवायचा आणि खालूनच ओरडायचा, "ओळंबा धर, ओळंबा!" गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर तपासली, चकरेच्या गोळ्या दिल्या. ऐकू त्याला अगदी बराबर यायचं, त्यामुळे कानाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

शेवटी, आठ-दहा वर्षांनी, मीच त्याला नांदेडला कानाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. साठीच्या, बारीक चणीच्या, घाई नसलेल्या बाई. त्यांनी त्याला पाय जोडून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. तो तोडलेल्या झाडासारखा सरळ माझ्या अंगावर आला. मग म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघत राहा," आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून झटकन एका बाजूला वळवलं. त्याची नजर डोक्याबरोबर वाहत गेली आणि मग उडी मारून नाकावर परत आली. दोन्ही बाजूंना तसंच. "आता कानात गार पाणी सोडते," त्या म्हणाल्या. "चांगल्या माणसाला यानं भोवळ येते. घाबरायचं नाही."

युनूसला जुनी खोडी आठवली असावी. "बाई, आधी ह्याच्या कानात सोडा. लई सुया टोचल्यात ह्यानं मला."

बाई हसल्या आणि खरंच मला आडवं केलं. पाणी कानात गेलं आणि काही क्षणांत ती खोली, पंखा, बाईंचा चष्मा, सगळं गरागरा फिरू लागलं. मी खाटेची लोखंडी कड घट्ट धरली, घाम फुटला, सकाळचा चहा घशाशी आला. युनूस पोट धरून हसत होता. मग तो आडवा झाला. एका कानात पाणी, दुसऱ्या कानात पाणी, मग आणखी गार, बर्फाचं. बाई वाकून त्याच्या डोळ्यांत बघत होत्या. ते डोळे छताकडे लागले होते, जरासुद्धा हलले नाहीत. "काहीच न्हाई झालं!" तो उठून बसत म्हणाला. "बघ उत्तम्या, मी पास. तू नापास."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "टीबीच्या सुया घेतल्या होत्या का?"

"घेतल्या की. दोन महिने. ह्यानंच दिल्या, एक बी चुकू दिली न्हाई," युनूस म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्याला बाहेर बसवून बाई माझ्याशी बोलल्या. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो, तो दोन्हीकडचा त्या औषधानं मेला होता. तो पुन्हा उगवत नाही. वेळीच सुई थांबली असती तर काही वाचलं असतं. यापुढे त्यानं डोळ्यांच्या आणि पायांच्या आधारावर चालायचं, मान हलवत एका जागी नजर ठेवायचा व्यायाम करायचा. "आणि पाण्यात उतरू देऊ नका," त्या म्हणाल्या. "पाण्याखाली गढूळ दिसलं, पाय सुटले, की वर कुठं आणि खाली कुठं, हे त्यांना कळणार नाही. पोहता येत असेल तर जास्त धोका. तळाकडेच पोहत जातील." मी विचारलं, काहीच उपाय नाही? त्या म्हणाल्या, ऐकू न येणाऱ्यांच्या कानात आता यंत्र बसवतात, तसंच तोलाचं यंत्र बाहेरच्या देशांत प्राण्यांवर करून बघत आहेत. कानामागे कातडीखाली बसवायचं, डोकं कसं वळलं ते त्यानं ओळखायचं आणि नसेला सांगायचं. माणसाला कधी मिळेल, सांगता येत नाही.

बाहेर बाकावर युनूस वाट बघत होता. "काय म्हणल्या?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "टीबीनं कानातली नस वाळली." पाण्याचं सांगायला गेलो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून म्हणालो, "आन् पाण्यात जाऊ नको, कान ओला झाला की सर्दी होते." तो हसला. सर्दीला भिणारा तो माणूस नव्हता. मग मी घाईघाईनं यंत्राबद्दल बोलू लागलो, आणि बस कुरुंद्याला पोचेपर्यंत बोलतच राहिलो.

त्यानंतर सात वर्षं दर रविवारी मी त्याच्या घरी जायचो. दाराच्या चौकटीला त्यानं ओळंबा टांगला होता. त्याकडे बघत तो मान हलवण्याचा व्यायाम करायचा आणि उठताना त्याच्याशीच आपलं अंग जुळवून घ्यायचा. चहा आला की ठरलेला प्रश्न यायचा, "काहून रे, यंत्र आलं का?" मी कानाच्या यंत्रांची पेपरातली कात्रणं नेऊन दाखवायचो. तो ती नीट बघायचा, घडी घालून परत द्यायचा. मग थोडा वेळ माझ्याकडे बघत बसायचा. मला वाटायचं, तो यंत्राचा विचार करतोय.

त्या दिवशी तो हळदीच्या शेताजवळ कालव्याचा फुटलेला काठ दुरुस्त करत होता. पाय घसरला आणि तो पाण्यात गेला. काठावर चार माणसं होती. त्यातल्या एकानं मला नंतर सांगितलं, "आमाला वाटलं, मिस्त्री मजा करून राहिले. तळाचा गाळ घेऊन वर येतील आता." ते वाट बघत राहिले. त्याला बाहेर काढलं तेव्हा मूठ गाळानं भरलेली होती.

त्याच्या चाळिसाव्या दिवशी मी घरी गेलो. फातेहाची प्रार्थना झाली, माणसं पांगली, आणि मी त्याच्या बायकोला, रशीदाभाभींना, सगळं सांगितलं. सुयांचं, साहेबांपुढं मीच उत्तर दिल्याचं, पाण्याचं. त्या चुलीपाशी बसून ऐकत होत्या. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाल्या, "सुईचं त्यांला ठावं व्हतं, भाऊ. सुई चालू झाली अन् जमीन हलाया लागली, एवढं न कळाया ते काय लेकरू व्हते का? दर ऐतवारी म्हणायचे, आज उत्तम बोलल बघ. तुमी गेल्यावर म्हणायचे, आज बी न्हाई बोलला." मग पदरानं हात पुसून म्हणाल्या, "पाण्याचं तेवढं ठावं न्हवतं."

मी बाहेर पडायला लागलो तशी त्यांनी दाराकडे हात केला. "तो न्या तुमी. मला बघवत न्हाई."

ओळंबा आता माझ्या खोलीत आहे, त्यानंच बांधलेल्या भिंतीपाशी. खिडकी लावली की तो डुलायचा थांबतो, आणि भिंत अजूनही सरळ आहे हे दिसतं. रोज सकाळी, युनूस ओट्यावर यायचा त्या वेळेला, मी ओळंब्यासमोर पाय जोडून उभा राहतो आणि डोळे मिटतो. वाट पाहतो... मी पडत नाही.