मिक्सरचा आवाज

आमच्या कॉलनीत कुणाचा कॉम्प्युटर अडला की लोक मला हाक मारायचे. जळगावात सरकारी कचेरीत कारकुनी करून फावल्या वेळात शिकलेली ही विद्या. पण चार लोकांनी चार वेळा 'साहेब, तुम्हीच बघा' म्हटलं की माणसाच्या डोक्यात हवा जाते. माझ्या तर चांगलीच गेली होती.

आईच्या शेवटच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण आली नव्हती. ती साक्रीकडच्या एका खेड्यात दिलेली. त्या वर्षी तिच्या सासूचं पायाचं ऑपरेशन निघालं आणि माहेरपण राहिलं. आखाजीला लेक माहेरी नाही म्हणजे आमच्याकडे घरात काहीतरी विपरीत घडल्यासारखं वाटतं. आई सकाळपासून कुणाशी धड बोलत नव्हती. मग खापरावर मांडे टाकता टाकता, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून म्हणतात ती गाणी म्हणायला लागली, एकामागून एक. मी फोन शेजारच्या डब्यावर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं. चाळीसेक मिनिटं. मागे बायको मिक्सरवर आमरस फिरवत होती, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. शेवटी आई फोनकडे बघून म्हणाली, "हाई बाईले ऐकाड बरं. सांग तिले, पुढला साले झोका रिकामा ठेवू नको."

श्रावणात आई गेली.

दिवसकार्य उरकल्यावर बहिणीने रेकॉर्डिंग मागितलं. ते तिच्यासाठीच होतं, आईनेच तसं सांगितलं होतं. त्याच वेळी फोनवरून पाठवलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मी म्हणालो, असं पाठवलं तर आवाजाची वाट लागते. शिवाय मागे मिक्सर घरघरतोय, तो काढून नीट साफ करून देतो.

"दादा, जशी शे तशी दे," ती म्हणाली. "माले मिक्सर बी चाली."

मला चालत नव्हता. आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर रडतखडत चालायचं, म्हणून मी नवा जुळवायला घेतला. हार्ड डिस्क निवडताना दुकानदार म्हणाला, "भाऊ, विंडोजसाठी छोटी एसएसडी घ्या. आणि बाकी सामानाला एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. एक आत बसवा, दुसरीवर सगळी कॉपी मारून कपाटात ठेवा." मी हसलो. एकच गोष्ट ठेवायला दोन डिस्क कोण घेतं? एसएसडी घेतली, पण बाकी सामानाला चार टीबीची एकच. कॉलनीत सांगायलाही तो आकडा बरा होता.

घरी येऊन एसएसडीवर सी ठेवला आणि त्या मोठ्या डिस्कचे डी, ई आणि एफ असे तीन भाग पाडले. हे आमच्याकडचं जुनं शास्त्र. विंडोज बिघडलं की मेकॅनिक येऊन सी फॉरमॅट मारतो, डी राहतो. हे बघून बघून डी म्हणजे तिजोरी, असं सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं. मीही आईचं रेकॉर्डिंग डीमध्ये टाकलं, वर एक कॉपी ईमध्ये. फोन भरला होता, म्हणून तिथलं पुसून टाकलं. आणि बहिणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "काळजी करू नको, दोन ठिकाणी ठेवलंय."

तीन अक्षरं होती, पण डबा एकच होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. विचारलं असतं तर मीच कुणालाही समजावून सांगितलं असतं. म्हणूनच जास्त चीड येते.

साफसफाई मात्र होईना. मिक्सर काढायला गेलं की आईचा आवाजही पातळ व्हायचा. मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. बहीण दर फोनला विचारायची आणि मी दर फोनला 'झालंच' म्हणायचो. तिला मिळायला हवी ती वस्तू मी माझ्या हुशारीपायी अडवून बसलो होतो. याला दुसरा शब्द नाही.

मार्चमध्ये एके दिवशी कॉम्प्युटरमधून टक् टक् असा आवाज आला. डी दिसेना, ई दिसेना. दुकानदाराने डिस्क कानाशी धरली आणि मान हलवली. मग ती पुण्याला पाठवली. महिन्याने तशीच परत आली, सोबत आतल्या चकतीवर चरे पडल्याची चिठ्ठी. एसएसडीवरचा सी मात्र ठणठणीत. जे विंडोज कुणीही पुन्हा टाकून देतो, तेवढं शाबूत राहिलं.

या आखाजीला बहीण आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने रुमालाची गाठ सोडून नवा कोरा पेनड्राइव्ह माझ्यापुढे धरला. फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. आता सांगितलं. डी, ई, डिस्क, चकती, पुणे, सगळं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी अजूनही तिला कॉम्प्युटर शिकवतोय.

मग मी आईचं शेवटचं वाक्य म्हणून दाखवायला गेलो. "पुढला साले झोका..." एवढ्यातच तिने हात वर केला.

"तू नको म्हनू."

ती बराच वेळ त्या पेनड्राइव्हचं टोपण काढत-लावत बसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तुले मिक्सरना आवाज काढाना व्हता ना, दादा?" शेवटी तिने विचारलं. "निंघी गया का?"