नाकतोड्यांच्या कुळातली पोर

नोव्हेंबरात बुगांडातल्या मसाकाच्या बाजारात नाकतोड्यांची पोती उतरायला लागली, की त्यातलं एक घमेलं टेकडीवरच्या बालगृहात न चुकता पोचतं. पाठवणाऱ्या बायका काही श्रीमंत नव्हेत. रस्त्याकडेला गोणपाट पसरून बसतात आणि गिऱ्हाइकावरून एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरतात. पण आईबाप नसलेल्या पोरांच्या तोंडी मोसमाचा पहिला घास पडल्याशिवाय धंद्याला बरकत नाही, यावर त्यांचं एकमत आहे. दुधाची पावडर, औषधं आणि छपराचे पत्रे नेदरलँड्समधल्या एका संस्थेकडून येतात, नाकतोडे बाजारातून. नामुबिरूच्या लेखी दोन्ही दानं सारखीच. "फरक एवढाच," ती म्हणायची, "दुधाबरोबर फोटो काढून घ्यावा लागतो."

नामुबिरू त्या बालगृहाची स्वयंपाकीण. वय अठ्ठावन्न, अंगाने रुंद, गुडघे कुरकुरणारे, आवाज असा की टेकडीखालच्या शेळ्यासुद्धा मान वर करायच्या. एकोणीस वर्षं तिने साठ-बासष्ट पोरांना रांधून घातलं. सगळे तिला जाजा म्हणत, म्हणजे आजी. पोरंच नव्हे, व्यवस्थापक सेरुंजोगी साहेबही.

त्या मोठ्या आजाराच्या, म्हणजे एड्सच्या, वर्षांत तिचे आईबाप गेले, मग दोन भाऊ आणि वहिनी गेल्या. तेव्हा ती वीस-बावीसची असेल. भावांची सात पोरं तिच्या गळ्यात पडली. तिने ती वाढवली, पण एकटीने वाढवली असं कोणी म्हटलं की ती चिडायची. "एकटी कशाने? चुलत्याने केळीची बाग दिली. मामाने दोघांना शाळेत घातलं. आमच्या कुळातला एक अनोळखी म्हातारा तर तीन गावं ओलांडून रताळी घेऊन यायचा. का, तर म्हणे मी यांचा बाप लागतो. कुळ आहे तोवर पोर अनाथ होत नाही. हरवतं फक्त."

बालगृहात आलेलं नवं पोर ती पहिले चार दिवस स्वयंपाकघरात बसवून घ्यायची. हाती हिरवी केळी आणि बोथट सुरी द्यायची आणि काहीएक विचारायची नाही. साहेबांकडे फॉर्म होता, त्यात तेवीस प्रश्न होते. नामुबिरू नुसती बघायची. पोर सोलतं कसं, मीठ केवढं मागतं, रडताना कोणाला हाक मारतं. एकदा एक मुलगा शेंगदाण्याच्या आमटीत सुकी मासळी नाही म्हणून रुसला, आणि त्याच्यावरून तिने त्याचा तळ्याकाठचा गाव हुडकला. अशी चौदा पोरं तिने त्यांच्या माणसांत नेऊन सोडली होती. त्याचं तिला कधी प्रमाणपत्र मिळालं नाही. मिळालं असतं तर तिने ते पिठाच्या डब्याखाली घातलं असतं.

मिरेंबेच्या बाबतीत मात्र तीच चुकली.

मिरेंबे मार्चमध्ये आली. चार-साडेचार वर्षांची. मसाकाच्या बसस्थानकावर तिची आई चक्कर येऊन पडली आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळात वारली. त्या गर्दीत सामानाची पिशवी कोणीतरी उचलली होती. नाव नाही, गाव नाही. मिरेंबे म्हणजे शांती. हे नाव बालगृहात ठेवलं, कारण पोर आठवडाभर तोंड उघडत नव्हतं. उघडलं तेव्हा अंकोले बाजूची बोली बोलायला लागली, पण गावाचं नि आईबापांचं नाव तिला सांगता येईना. झालं! नामुबिरूने ठरवून टाकलं की ही पश्चिमेची. आठ महिने ती पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला, दूधवाल्याला, धर्मोपदेशकाला निरोप देत राहिली. एकही निरोप परत आला नाही.

तेवढ्यात परदेशातलं एक जोडपं मिरेंबेला दत्तक घ्यायला तयार झालं. भली माणसं होती. फोटोत त्यांच्यामागे बाग होती आणि बागेत झोपाळा. 'या मुलीचं कोणीही नाही' असं लिहिलेल्या कागदावर साहेबांनी शुक्रवारी सही केली, की पुढची चक्रं फिरणार होती.

त्या आठवड्याच्या मंगळवारी बाजारातलं घमेलं आलं. नामुबिरूने आणि तिच्या हाताखालच्या तेओने नाकतोड्यांचे पंख-पाय काढले आणि त्यांच्याच चरबीत कांदा घालून ते कुरकुरीत परतले. अंगणात पोरांच्या उड्या पडल्या. मिरेंबेच्या ताटलीत मूठभर पडले तशी तिने ताटली उलटी केली. नाकतोडे मातीत!

नामुबिरूने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "अन्न मातीत? राणी आहेस का गं कुठली?"

पोर रडलं नाही. मातीतले नाकतोडे गोळा करायला लागलं. एकेक उचलून झाडाच्या मुळाशी ठेवलं आणि वर पाला घातला.

"आता काय खेळ मांडलाय?" तेओ हसली.

मिरेंबे म्हणाली, "आपल्या भावांना खायचं नसतं. बाबांनी सांगितलंय."

नामुबिरूने वाढायचं घमेलं खाली ठेवलं. प्रत्येक कुळाला त्याचं देवक असतं आणि देवक कोणी खात नाही. तिचं स्वतःचं देवक मांबा मासा. तिने साऱ्या जन्मात त्याचा रस्सा हुंगला नव्हता. आणि नाकतोड्यांचं कुळ तर थेट आपल्यातलं, बुगांडातलं. बोली आईची होती. देवक बापाचं.

"जाजा, काय झालं?" तेओने विचारलं.

"मी गाढव आहे, ते झालं," नामुबिरू म्हणाली. "आठ महिने मी पोरीची जीभ ऐकली. ताट बघायचं राहिलं."

ती तशीच तेलकट हातांनी साहेबांच्या खोलीत गेली. सेरुंजोगी साहेब चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, मनाने वाईट नसलेला माणूस. एवढी पोरं, एवढे कागद, वर देणाऱ्यांची पत्रं, यांतून त्याला मान वर करायला फुरसत नव्हती.

"जाजा, पोरं खाण्यावरून नखरे करतात. माझी मुलगी भोपळा खात नाही. तिचं कुळ भोपळ्याचं समजू का?"

"तुमची मुलगी भोपळा झाडाखाली पुरून वर पाला घालते का?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"मला दोन आठवडे द्या. तिचा बाप नसेल, पण बापाचं कुळ आहे. असं असताना तिचं कोणी नाही, असं तुम्ही लिहिणार?"

"आणि नाही सापडलं तर? ते जोडपं तोवर थांबेल? पोरीचं सोनं होतंय, जाजा. झोपाळा आहे तिथे."

"झोपाळा मी आंब्याला बांधते," नामुबिरू म्हणाली. "आजी कुठून बांधू?"

साहेबांनी दिवस वाढवून दिले नाहीत.

बाजाराच्या कोपऱ्यावर काग्ग्वा शिंपी बसायचा. तो नाकतोड्यांच्या कुळातला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण नोव्हेंबरभर शेजारच्या बायका त्याच्या नाकासमोर नाकतोडे तळून त्याची थट्टा करायच्या. नामुबिरूने त्याला सगळं सांगितलं. त्याने मशीनवरचा पाय काढला.

"म्हणजे ती माझी मुलगी," तो म्हणाला.

"तुमची कशी?"

"कुळातली आहे ना? मग मी बाप लागतो. काका म्हणा हवं तर. रविवारी आमच्या कुळाची बैठक आहे गोम्बाला. तिथे विचारतो. तोवर तुम्ही ती सही अडवा."

सही अडवायची कशी? भांडायचं तर नोकरी जाणार, आणि चूल बंद ठेवायची तर पोरं उपाशी. नामुबिरूने एकोणीस वर्षांत एकही जेवण चुकवलं नव्हतं आणि आताही चुकवायचं नव्हतं. शुक्रवारी सकाळी तिने तिन्ही शेगड्या आणि दोन मोठी पातेली उचलली आणि थेट कचेरीच्या व्हरांड्यात, साहेबांच्या खिडकीखाली चूल मांडली.

लाकडं ओली होती. मुद्दाम निवडलेली, असं तेओ नंतर सांगायची.

साहेब खोकत बाहेर आले. "हे काय चाललंय, जाजा?"

"स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय."

"आज पाऊस कुठाय?"

"आला तर?"

मिरेंबे तिच्या मांडीला टेकून केळी सोलत होती. जमतील तशी साठ पोरं भोवती गोळा झाली. खिडकीतून धूर आत, दारातून पोरं आत. त्याच वेळी देणगी देणाऱ्या संस्थेची बाई, मार्ग्रीत, गाडीतून उतरली. कागद न्यायला तीच येणार होती. उंच, उन्हाने लाल झालेली, पन्नाशीची. ती धुरात डोळे पुसत उभी राहिली. "आज सण आहे का?" तिने विचारलं.

"सण नाही, संप आहे," साहेब म्हणाले.

"संप असता तर जेवण नसतं," नामुबिरू म्हणाली आणि मार्ग्रीतच्या हातात ताटली दिली. मग नाकतोड्यांपासून काग्ग्वापर्यंत सगळं सांगितलं. मार्ग्रीतला इथली लुगांडा भाषा अर्धीमुर्धी यायची, उरलेलं साहेबांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांचाही आवाज खाली आला, कारण स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर गोष्ट त्यांना नखऱ्याची वाटेना.

मार्ग्रीतने केळं संपवलं. "सोमवारपर्यंत मी इथेच आहे," ती म्हणाली. "कागदही इथेच राहतील."

रविवार नामुबिरूने काढला, पण पोशो करपवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मक्याचं ते करपलेलं पीठ पोरांनी मुकाट्याने खाल्लं.

सोमवारी दुपारी काग्ग्वाच्या मोटरसायकलवरून एक वाळकी म्हातारी उतरली. तिचं नाव नाकिबुका. एका डोळ्यात मोतीबिंदू, अंगावर ठेवणीतलं गोमेसी, म्हणजे टोकदार खांद्यांचा पायघोळ झगा. तिचा मुलगा पश्चिमेकडे गुरांच्या वाड्यावर कामाला होता. तिकडचीच बायको केली आणि जानेवारीत तापाने गेला. सुनेने निरोप पाठवला होता, पोरीला घेऊन तुमच्याकडे येते. मग सून आलीच नाही. म्हातारीला वाटलं, तिने विचार बदलला असेल, माहेरी राहिली असेल. कुळाच्या बैठकीत मुलाच्या उत्तरकार्याचा विषय निघाला, त्याची मुलंबाळं मोजायची वेळ आली, तेव्हा म्हातारी म्हणाली, एक मुलगी आहे, पण कुठे आहे कोण जाणे. काग्ग्वा तिथेच उठून उभा राहिला.

म्हातारीने रुमालातून मुलाच्या दफनाच्या दिवशीचा फोटो काढला. सून उभी, कडेवर पोर. साहेबांनी तो फोटो घेतला, गाडी काढली आणि स्वतः इस्पितळात गेले. तिथल्या परिचारिकेने एकदाच बघितलं. "हीच ती बाई," ती म्हणाली. परत आल्यावर साहेबांनी तो कागद फाडला नाही, कारण ते कागद फाडणाऱ्यांतले नव्हते. त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, आजी आहे.

म्हातारी मात्र व्हरांड्यात बसून रडायला लागली. "न्यायला आले आहे, पण खायला काय घालू? घरात आधीच तीन नातवंडं आहेत. इथे पोरीला रोज दूध आहे, शाळा आहे. मी नेलं आणि ती वाळली, तर कुळ मला काय म्हणेल?"

साहेबांनी मार्ग्रीतकडे पाहिलं. मार्ग्रीत म्हणाली, "आमची मदत बालगृहातल्या मुलांसाठी असते. तसा नियम आहे."

"न्याबो, बाईसाहेब," नामुबिरू म्हणाली, "तुमचं दूध समुद्र ओलांडून येतं ना? आणखी तीस मैल पुढे गेलं तर नासेल का?"

काग्ग्वा फिसकन हसला. मार्ग्रीत हसली नाही. तिने खाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "नियम मी केलेला नाही. पण तो करणाऱ्यांना पत्र मी लिहू शकते. आणि झोपाळावाल्यांनाही मीच कळवते. ती माणसं समजूतदार आहेत."

"लिहा. तोवर?"

"तोवर एक पोतं माझ्या गाडीत घाला."

पुढे पत्राचं उत्तर आलं, वर्षभर करून बघू, असं. वर्षाची दोन वर्षं झाली, आणि बालगृहातली आणखी सहा पोरं मामाकडे, काकूकडे, आजीकडे राहायला गेली. दूध आणि वह्यापुस्तकं त्यांच्या मागोमाग जायची. पोरं साठावरून त्रेपन्नवर आली, तेव्हा तेओ घाबरली. "जाजा, अशाने आपली नोकरी जाईल."

"जाऊ दे की," नामुबिरू म्हणाली. "माझे गुडघे कधीचे तेच म्हणतायत."

मिरेंबे गेल्यावर महिन्याभराने नामुबिरू दुधाचं पोतं घेऊन गोम्बाला गेली. सगळ्या वाटेत तिला धाकधूक. पोर सुकलं असेल, आपल्याला बघून गळ्यात पडेल, परत ने म्हणेल, मग काय सांगायचं? मनातल्या मनात तिने तीन उत्तरं तयार केली.

पोर केळीच्या बागेत दोन भावंडांमागे धावत होतं. मातीने माखलेलं, गुडघा खरचटलेला. नामुबिरूला बघून थबकलं. पण धावत आलं नाही. उलट फिरून घरात पळालं. 

पोर बाहेर आलं ते आपल्यापेक्षा लांब चटई ओढत. अंगणात पसरली, एक कोपरा दुमडला होता तो हाताने सरळ केला. मग घरची लेक पाहुण्यांपुढे बसते तसं गुडघे टेकून बसलं आणि म्हणालं, "या, जाजा. प्रवास बरा झाला ना? तिकडची सगळी मंडळी कशी आहेत?"

म्हातारी दारातून म्हणाली, "मी काही शिकवलेलं नाही हो. आल्यागेल्याला असंच विचारते. काल तर पोस्टमनलासुद्धा बसवून घेतला."

नामुबिरूची तिन्ही उत्तरं वाया गेली. कुरकुरते गुडघे सावरत ती चटईवर पाहुण्यासारखी बसली, आणि तिकडची सगळी मंडळी कशी आहेत, ते नाव घेऊन घेऊन सांगायला लागली.