कुलूप नव्हतं, फीत होती

वैष्णवीनं करंगळी वर केली तेव्हा मी माईकवर होते. "थांब गं, पाहुणे येऊन गेले की जा," म्हणाले आणि पुढचं गाणं सुरू केलं.

नीट सांगते. आमची जिल्हा परिषदेची शाळा, करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याकडेला. त्या दिवशी मुलींच्या नव्या स्वच्छतागृहाचं उद्घाटन होतं. जुनं पाडून त्याच जागी बांधलेलं. दाराला लाल फीत. बांधकाम चालू होतं तोवर मुली शेजारच्या उसात जायच्या. त्याच आठवड्यात तो ऊस तुटून कारखान्याला गेला. रान उघडं पडलं. मला ते येता-जाता दिसत होतं बरं का, पण डोक्यात काही शिरलं नाही.

पाहुणे सकाळी यायचे होते. दुपार झाली तरी पत्ता नाही. तास बंद, पोरं मांडवात. हेडसर फोन कानाला लावून येरझारा घालत होते. मला म्हणाले, "मॅडम, पोरं तुमच्याकडं. ओळी मोडल्या तर फोटो काय येणार?"

"बसवते की सर. काळजी नका करू."

पोरं रमवण्यात माझा हात कोण धरणार, अशी माझी समजूत. गाणी झाली, टाळ्यांचे खेळ झाले, भेंड्या झाल्या. आमच्या कामात एक युक्ती असते. जे पोर फार चुळबुळ करतं त्याला पुढं घ्यायचं, काहीतरी काम द्यायचं. आणि करंगळीचं म्हणाल तर, एकीला सोडलं की मागं रांग लागते. म्हणून कार्यक्रमात कुणालाच सोडायचं नाही.

वैष्णवी चौथीतली, धीट पोर. पाय आवळून नुसती हलत होती. मी हाक मारली, "वैष्णवी, ये पुढं. बेडकाचं गाणं तू घे."

"नको बाई."

"लाजतीस व्हय? वर्गात तर लई तोंड चालतं की!"

पोरं हसली. ती आली. दोन उड्या मारल्या आणि थांबली. सतरंजी ओली होत गेली. ती पोरांकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

मागून एक पोरगा ओरडला, "ए, मुतली रे!" सगळा मांडव हसला. माईक माझ्या हातात, चालूच.

मी तिला पदराआड घेतलं आणि स्वच्छतागृहाकडं नेलं. दाराला कुलूप नव्हतं. फीत होती, सुरगाठीची. एका ओढीत सुटली.

"मॅडम, अहो फीत!" हेडसर ओरडले.

"बांधते परत, सर."

मागं वळून बघते तर मांडवातल्या सगळ्या मुली उठलेल्या. गुपचूप येऊन दाराशी ओळीत उभ्या राहिल्या. सगळ्याच धरून बसल्या होत्या, आणि मी त्यांना टाळ्या वाजवायला लावत होते.

पाहुणे आले. फीत मीच परत बांधली होती. त्यांनी ती कापली आणि मुलींच्या सन्मानावर बोलले. मीही टाळ्या वाजवल्या. फोटोत मी हसताना दिसते.

वैष्णवी शाळेत यायची थांबली. मी घरी गेले. तिची आई म्हणाली, "पोट दुखतंय म्हणती, बाई. शाळंत काय झालं का?"

पोरीनं माझं नाव सांगितलं नव्हतं. मग मीच सांगितलं सगळं, आत वैष्णवीला ऐकू जाईल असं. माझी चूक झाली म्हणाले.

वैष्णवी दाराआडून म्हणाली, "पोरं चिडवत्यात की."

"त्यांना मी सांगते, चूक बाईंची होती म्हणून."

"मग येते. पण ते बेडकाचं गाणं नका घेऊ."

दुसऱ्या दिवशी पोरांना तसं सांगितलं. ती आली, मागच्या ओळीत बसली. अजून तिथंच बसते. पुढं ये असं मी म्हणत नाही.

आता पोर चुळबुळ करायला लागलं की मी आधी जवळ जाऊन विचारते. आणि करंगळी दिसली की, जा. हेडसर म्हणतात, "अहो मॅडम, निम्मी नुसती हिंडायला जातात."

जाऊ देत की.