या वर्षी सगळ्यात जास्त माझा

"पहले मेरा देख लीजिए, फिर अपना बताइए," असं म्हणत काकू समोरच्याच्या हातात स्वतःचं विजेचं बिल ठेवायच्या. माणूस गडबडून जाई. त्यांचं बिल हातात आल्यावर आपलं दाखवायला नाही म्हणणं अवघडच.

भोपाळच्या बाग सेवनियातल्या आमच्या कॉलनीत त्या तळमजल्यावर एकट्या राहत. मूळच्या नागपूरच्या, पण नोकरी सगळी इथेच, वीज खात्यात झालेली. निवृत्तीनंतर कुणी भजनी मंडळात जातं, कुणी सकाळी फिरायला. काकूंनी घरोघरचा कार्बन मोजायला घेतला. वीज, गॅस, पेट्रोल, प्रवास. एका माणसाच्या राहण्या-फिरण्यातून वर्षाला किती कार्बन हवेत जातो, ते त्या मोबाइलवर आकडेमोड करून सांगत. इतरांचा आकडा त्यांच्याच घरात सांगून येत. स्वतःचा मात्र फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहीत.

अशी माणसं तुमच्याही कॉलनीत असतील, आणि त्यांना हसणारेही असतील. आमच्याकडे ते काम सोसायटीच्या सचिवांनी घेतलं होतं.

"मॅडम, अब साँस भी नापकर लें?"

"साँस लीजिए, भाईसाहब. एसी का बताइए."

सचिवांनी त्यांना कधी दाराच्या आत घेतलं नाही.

बाकीच्यांचं मात्र हळूहळू बदलत गेलं. वरच्या मजल्यावरचे दोघं एकाच ऑफिसात दोन गाड्यांनी जात, ते एकीतून जाऊ लागले. मी जुना कूलर टाकून एसी घ्यायला निघालो होतो. काकू माझ्याबरोबर जवाहर चौकात आल्या, कूलरची मोटर दुरुस्त करून घेतली, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या आणि मला त्याच्यासमोर बसवून म्हणाल्या, "आता सांग, गरम होऊन राहिलं का?"

नव्हतं होत.

मग कॅनडाहून फोन आला. त्यांच्या एकुलत्या एक लेकीला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं होतं. जवळ कुणी नव्हतं. काकू तिकीट काढून आमच्याकडे आल्या, जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि सवयीने विमानप्रवासाचा कार्बन मोजू लागल्या. मोजून झाल्यावर त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"इतकी वर्षं जे वाचवलं ना," त्या म्हणाल्या, "ते एका फेरीत गेलं."

माझ्या बायकोने त्यांच्यापुढे चहा ठेवला. "काकू, विमानाचं फळ्यावर नका लिहू. कोण विचारतंय?"

"कुणीच नाही विचारणार. पण मग मी उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने विचारू?"

"मग जाणार नाही का तुम्ही?"

"जाणार तर. माझी लेक आहे ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर नवा आकडा होता, शेजारी 'विमानासह' असं लिहिलेलं. दूध घ्यायला आलेली माणसं थांबून वाचू लागली. सचिवही आले. त्यांनी दोनदा वाचलं.

"मॅडम, ये तो कॉलनी में सबसे ज़्यादा लग रहा है."

"हाँ. इस साल सबसे ज़्यादा मेरा," काकू म्हणाल्या. "जाना ज़रूरी है, इसलिए जा रही हूँ. छुपाऊँगी नहीं."

मान खाली नव्हती. कुणी हसलं नाही. सचिव खिशात हात घालून उभे राहिले. शेवटी म्हणाले, "चलिए, घर पर चाय पीजिए. हमारा भी नाप लीजिए."

काकू त्यांच्या घरून बाहेर पडल्या त्या थेट दुपारीच. सचिवांचा आकडा किती आला, हे आम्हाला काकूंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

लेकीने त्यांना परत पाठवलं नाही. आता त्या तिथेच असतात, नातीला सांभाळतात.

जातानाही भोपाळहून दिल्लीपर्यंत तरी रेल्वेनेच जाईन, हा त्यांचा हट्ट होता. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो होतो. गुडघे दुखत असताना डब्याच्या पायऱ्या चढल्या, खिडकीशी बसल्या. पिशवीत जुन्या सुती साड्यांची शिवलेली दुपटी होती. गाडी हलली तशी त्यांनी हात वर केला.

फलाटावर शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी मला विचारलं, "आपकी माताजी हैं?"

"नहीं," मी म्हणालो, आणि नकळत ताठ उभा राहिलो. "हमारी कॉलनी की हैं."